भट्टी विझली, शिसे राहिले: गलाईच्या आणि बॅटरी फोडण्याच्या जुन्या जागा साफ करताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि इकडे साताऱ्यातले माण-खटाव. या पट्ट्यातली हजारो घरे सोन्या-चांदीच्या गलाईवर, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यावर, उभी राहिली. खाली दिलेली माहिती त्या घरांसाठी आहे. ज्यांच्या आवारात कधी बॅटऱ्या फोडल्या गेल्या किंवा शिसे वितळवले गेले, त्यांच्यासाठीही आहे.

आमच्याकडे शिशाची खाण नाही. मग हा आमचा विषय कसा?

आपल्या काळ्या पाषाणात शिशाची खाण नाही, हे खरे. त्या खाणी राजस्थानात उदयपूरजवळ जावरला आहेत. पण शिसे मातीत मिसळायला खाणच लागते असे नाही. नायजेरियातल्या झाम्फारा प्रांतात 2010 साली पाच वर्षांखालची 400 हून अधिक मुले दगावली. तिथे कोणी शिसे काढत नव्हते. लोक सोन्याचा खडक घरी आणून अंगणात दळत होते आणि त्या खडकात शिसे होते. सोने हाती आले आणि शिशाची धूळ उंबऱ्यात राहिली. आपल्याकडची गोष्ट याच जातीची आहे.

खाण किंवा कारखाना बंद पडला म्हणून शिसे जात नाही, हेही बाहेरच्या दोन गावांनी दाखवले आहे. झांबियातल्या काब्वेची खाण 1994 साली बंद झाली, तरी तिथल्या मुलांच्या रक्तात आजही शिसे सापडते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला बंकर हिलचा शिसे-कारखाना 1981 साली बंद झाला आणि पुढे कित्येक वर्षे एकेका घराचे अंगण खणून माती बदलावी लागली. पुढे सांगितलेली पद्धत मुख्यतः या अनुभवातून आलेली आहे.

गलाईत शिसे नेमके कुठून येते?

सगळ्या गलाईत येत नाही. सोने फक्त तेजाबात शुद्ध केले जात असेल तर धोका तेजाबाच्या तांबूस धुराचा असतो, शिशाचा नाही. शिसे येते ते चांदीच्या गलाईत आणि न्याऱ्यातून, म्हणजे सराफी दुकानाच्या केरातून, सोने-चांदी काढताना. न्याऱ्यात टाकणखार आणि शिसे किंवा मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) घालून तो वितळवतात. वितळलेले शिसे सोने-चांदी स्वतःत ओढून घेते. मग तो गोळा राखेच्या उथळ खळग्यात ठेवून वर भात्याचा किंवा ब्लोअरचा वारा सोडतात. शिशाचे मुरदाडशिंग होते, बरेचसे राखेत मुरते आणि खळग्यात चांदी चमकते.

शिसे 327 अंशांना वितळते, पण चांदीला 962 अंश लागतात. म्हणजे शिसे त्याच्या वितळण्याच्या जवळपास तिप्पट तापमानावर उघडे असते. त्या उष्णतेवर त्याचा धूर होतो, आणि यातला बराचसा धूर फार लांब जात नाही. गार होऊन तो पत्र्याच्या आतल्या बाजूला, वाशांवर, भिंतींच्या माथ्यावर बसतो. पत्र्याच्या वर बसलेला पावसाने धुऊन पागोळीखाली येतो. म्हणून जुन्या जागेत शिसे चार ठिकाणी आधी शोधावे: भट्टीभोवती, मळी (वितळवल्यावर भट्टीत उरणारा टाकाऊ भाग) आणि जुन्या खळग्यांची राख टाकायचे तिथे, पागोळीच्या रेषेत, आणि चपला काढायच्या जागी.

भट्टी बंद होऊन वीस वर्षे झाली. इतक्या पावसात शिसे वाहून गेले नसेल का?

नाही. शिसे कुजत नाही, उडून जात नाही, त्याचे दुसरे काही होत नाही. आपली काळी माती चिकण आणि चुनखडीयुक्त असते आणि अशी माती शिसे घट्ट धरून ठेवते. ते खाली झिरपत नाही, वरच्या चार-सहा इंचांतच राहते. विहिरीच्या दृष्टीने ही चांगली बाब आहे, रांगत्या मुलाच्या दृष्टीने वाईट.

किती थोडे पुरते ते पाहा. 100 चौरस फूट अंगणाच्या वरच्या एक सेंटिमीटर थराचे वजन साधारण 130 किलो भरते. त्यात 26 ग्रॅम शिसे मिसळले की माती 200 पीपीएमवर जाते, म्हणजे किलोभर मातीत 200 मिलिग्रॅम शिसे. शिसे इतके जड असते की 26 ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याएवढी मुरदाडशिंगाची भुकटी.

किती पीपीएम म्हणजे जास्त?

शिसे न मिसळलेल्या मातीत साधारण 10 ते 50 पीपीएम सापडते. अमेरिकेत घराच्या मातीसाठी आधी 400 पीपीएम ही इशारा-रेषा होती, 2024 साली ती 200 वर आणली. घराच्या अंगणासाठी 200 हाच आकडा धरावा असे आमचे स्पष्ट मत आहे. लहान मूल घरात नसेल आणि जागा फरशीखाली असेल तर घाई करण्याचे कारण नाही.

आकड्याचा अर्थ असा. लहान मूल दिवसाकाठी सुमारे 100 मिलिग्रॅम माती-धूळ तोंडात घालते, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. माती 1000 पीपीएमची असेल तर त्यातून 100 मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. तेवढे शिसे पाण्यातून जायला त्या मुलाला मर्यादेवरचे पाणी दिवसाला 10 लिटर प्यावे लागेल. त्यात मोठ्यांच्या आतड्यात खाल्लेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, तर लहान मुलांच्या जवळपास निम्मा.

माती तपासायची कशी? कृषी विभागाचे माती परीक्षण चालेल का?

नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह असते, शिसे नसते. अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. पर्यावरण चाचण्या करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ‘एकूण शिसे’ मागावे. आम्लात माती विरघळवून एएएस किंवा आयसीपी यंत्रावर ही चाचणी होते.

नमुना घेताना शेतासारखा खोल खड्डा घेऊ नका. मूल खेळते ते वरच्या थरात, म्हणून वरचे दोन सेंटिमीटरच खरवडून घ्यावेत. वर सांगितलेली चार ठिकाणे आणि मुलांची खेळायची जागा, प्रत्येकाची वेगळी पिशवी. एका ठिकाणच्या पाच जागांची माती मिसळून पाव किलो घ्यावी. स्टीलचा चमचा वापरावा, तो प्रत्येक पिशवीनंतर धुवावा, आणि स्वयंपाकघरात परत नेऊ नये. नमुना सावलीत वाळवावा, घरात कुटू नये. भट्टीची माती आणि खेळायची माती एकत्र केली की सरासरी मधलीच येते आणि दोन्हीबद्दल काहीच कळत नाही. ही चूक सर्वात जास्त होते.

सराफाकडे कॅरेट बघायचे यंत्र असते, त्यावर माती धरली तर? तत्त्व तेच आहे, क्ष-किरणांचे. पण ते यंत्र धातूंसाठी जुळवलेले असते. मातीसाठीची मांडणी त्यात नसेल तर आकडा भलताच येतो. मळीच्या खड्यात शिसे आहे की नाही एवढे त्यावर कळेल, अंगण सुरक्षित आहे हे ठरवता येणार नाही.

मुलांचे रक्त तपासायचे का? काही त्रास दिसत नाही.

त्रास दिसण्याची वाट पाहू नका. पोटात कळ, बद्धकोष्ठता, चिडचिड, फिकेपणा ही लक्षणे जंताचीही वाटतात आणि झटके येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. मूल सहा वर्षांखालचे असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर रक्तातले शिसे तपासावेच. सांगली-मिरजेतल्या किंवा साताऱ्यातल्या बहुतेक लॅब नमुना घेऊन मोठ्या शहरात पाठवतात, त्यामुळे अहवालाला काही दिवस लागतात. शिरेतून रक्त द्यावे. बोट टोचून घेतले तर त्वचेवरची धूळ आकडा फुगवते. काहीही असले तरी आधी हात साबणाने धुवावेत.

सुरक्षित असा आकडाच नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या पातळीपासून स्रोत शोधून तो थांबवायला सांगते. हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघावे, कारण लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते.

आकडा जास्त आला. शिसे बाहेर काढणारे औषध लगेच सुरू करावे का?

या एका उत्तरावर आम्ही सर्वात जास्त भर देतो. आधी अंगण, मग औषध. शिसे बाहेर काढणारी औषधे मुलांमध्ये सहसा 45 मायक्रोग्रॅम किंवा त्यावर दिली जातात, तीही रुग्णालयाच्या देखरेखीखाली. त्याखाली त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. शिवाय मूल औषध घेऊन त्याच धुळीत परत आले तर आकडा पुन्हा चढतो. झाम्फारात म्हणूनच आधी गावांची माती बदलली आणि मगच तिथल्या मुलांचे उपचार सुरू झाले. आकडा फार वर असेल तर घर साफ होण्याची वाट न पाहता मुलाला तडक रुग्णालयात न्यावे आणि दरम्यान घर साफ करावे. घरी परत आणायचे ते साफ घरातच.

‘शरीरशुद्धी’च्या नावाने मिळणारी चूर्णे आणि भस्मे घेऊ नका. नागभस्म हे तर शिशाचेच असते.

रोजच्या जेवणाचा उपयोग मात्र खरा आहे. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते, म्हणून सकाळी मुलाला उपाशी अंगणात सोडू नये. नाचणी, दूध, कडधान्ये आणि लिंबू-आवळा रोज असावेत. डॉक्टरांनी लोहाची कमतरता सांगितली तर गोळ्या मध्येच सोडू नयेत. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांत ते वर्षानुवर्षे राहते आणि हळूहळू रक्तात परत येते. त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या उतारावर हुरळून जाऊ नये आणि नंतरच्या संथपणाने घाबरू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

अंगणाची साफसफाई कोणत्या क्रमाने करायची?

आधी बाहेर, मग आत. उलटे केले तर आतली मेहनत चार दिवसांत वाया जाते. मुले आणि गरोदर बाई काम संपेपर्यंत दुसऱ्या घरी असावीत.

पावसाळा सरल्यावर, जमिनीत ओल असताना आणि वारे पडलेले असताना काम काढावे. चैत्र-वैशाखातल्या वावटळीत मुळीच नको. झारीने पाणी शिंपडावे. माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण पाणी वाहता कामा नये. तोंडाला रुमाल पुरत नाही, किमान एन-95 मास्क हवा. भट्टी फोडायची असेल तर गाळणी बदलता येणारा रबरी मास्क घ्यावा. भट्टीच्या विटा, जुन्या मुशी, खळग्याची राख आणि मळी आधी उचलावी आणि ओलसर असतानाच दुहेरी जाड पिशव्यांत बांधावी. सर्वात जास्त शिसे याच ढिगात असते. ती माल म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह होतो. तो ढीग पुन्हा घरात नको.

मग माती. किती खोल, हे तपासणीवर ठरते. धूळ फक्त वरून बसलेली असेल तर दोन-तीन इंच पुरतात. मळी गाडलेली असेल तर जास्त. बंकर हिलला घराभोवती एक फूट आणि भाजीच्या वाफ्यात दोन फूट चांगली माती असली पाहिजे असे ठरवले होते. हिशेब सोपा आहे. 20 बाय 15 फुटांचे अंगण सहा इंच काढले तर 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास. खणल्यावर माती फुगते, म्हणून जवळपास दोन ब्रास धरावी, वजनाला सहा-सात टन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधल्याशिवाय ती रस्त्यावर नेऊ नये.

तळ लागल्यावर हिरवी किंवा नारिंगी शेडनेट अंथरावी आणि तिच्यावर नवी माती टाकावी. पुढे कोणी नळासाठी चर खणला तर जाळी लागताच त्याला कळते की याखाली हात घालायचा नाही. नवी माती कुठून आणता तेही पाहा. रस्त्याकडेची किंवा जुन्या वस्तीची नको, आणि दोन पिशव्या आधी तपासून घ्या. चालण्याच्या वाटेवर नुसता मुरूम टाकू नका, त्याचीच धूळ होते. तिथे तीन-चार इंच कोबा किंवा शहाबादी फरशी बसवावी.

सगळी माती काढणे परवडत नसेल तर?

झाकणे हाही खरा उपाय आहे. शेडनेट, त्यावर कोबा. ज्या घरात रांगते मूल आहे त्या घरी सगळे पैसे जमेपर्यंत थांबण्यापेक्षा उंबऱ्यापासून दहा फूट आणि पागोळीची रेषा आधी झाका. झाकणाला भेग पडली की ते झाकण राहत नाही, म्हणून दर पावसाळ्यानंतर बघून सिमेंटने भरावे.

शेणाने सारवले तर धूळ बसत नाही का?

सारवलेल्या दिवशी बसते. आठवड्याभरात पापुद्रे सुटतात, ते पायाखाली भुकटी होतात आणि त्या भुकटीत खालची माती असते. सारवायला अंगणातलीच माती मिसळली तर आपण शिशाचा थर स्वतःच्या हाताने पसरवतो. घरात मूल असेल तर अशा अंगणात सारवण बंद करून कोबा घालावा.

घराच्या आत काय करायचे?

केरसुणी आणि खराटा आधी बाजूला ठेवा. कोरडे झाडले की बारीक धूळ हवेत जाते आणि दोन तासांनी तिथेच बसते. साधा व्हॅक्यूमही तेच करतो. हेपा गाळणी (अतिशय बारीक धूळ अडवणारी) असेल तरच तो वापरावा.

वरून खाली या. पत्रे किंवा कौलांची आतली बाजू, वासे, माळा, पंख्याची पाती, खिडक्यांच्या खोबणी, शेवटी फरशी. तीन बादल्या लागतात: एकीत भांडी घासायच्या साबणाचे पाणी, एक रिकामी, एक साध्या पाण्याची. फडके साबणात बुडवा, पुसा, रिकाम्या बादलीत पिळा, साध्या पाण्यात खळबळा, मगच पुन्हा साबणात. एकाच बादलीत सगळे केले तर तीच धूळ फरशीवर परत फिरते. बादलीच्या तळाशी राखाडी गाळ बसला की पाणी बदला. हे पाणी परसात, तुळशीत किंवा गोठ्यात ओतू नका, संडासात ओता. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा.

गोधड्या हा कठीण भाग आहे. जुन्या सुती कपड्यांचे थर धूळ खोलवर धरतात. भट्टीच्या खोलीत वापरलेली गोधडी धुऊनही भरवशाची होत नाही. मन घट्ट करून ती टाकावी, निदान बाळाच्या अंगाखाली घालू नये.

काढलेली माती आणि मळी कुठे टाकायची?

येरळेत, अग्रणीत, ओढ्यात, रस्त्याच्या भरावात किंवा वीटभट्टीवर नाही. मळी आणि खळग्याची राख घातक कचऱ्याच्या नियमात मोडू शकते. प्रयोगशाळेत ती भिजवून गाळून काढलेल्या पाण्यात लिटरला 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे उतरले की ती घातक ठरते. सांगली आणि सातारा, दोन्ही ठिकाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय आहे. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारे केंद्र पुण्याजवळ रांजणगावला आहे. एकेका घराला हे जड जाते, त्यामुळे गल्लीतल्या पाच-सात घरांनी ग्रामपंचायतीमार्फत एकत्र अर्ज केलेला बरा. मळी विकायची झाली तर नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच, आणि पावती घेऊन. विनानोंदणी भंगारवाल्याला दिली तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात वितळते.

आमची भट्टी परराज्यात आहे, गावात फक्त घर आहे. आम्हाला धोका आहे का?

गावच्या मातीला नाही, पण माणसांना आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुटुंब राहत असेल तर मुलांचे रक्त तपासावे, यात्रेला गावी आल्यावर तपासले तरी चालेल. भट्टीवरचे कपडे आणि चपला भट्टीवरच राहाव्यात. अंघोळ करून, केस धुऊन मगच मुलाला घ्यावे. ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत आणि ट्रंकेतून गावी आणू नयेत. भट्टीजवळ तंबाखू मळणे, विडी ओढणे आणि डबा उघडणे टाळावे, कारण हाताचे शिसे सरळ तोंडात जाते.

बॅटरी फोडण्याच्या जागेत वेगळे काय?

आम्ल. ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि त्यातली पेस्ट आधीच बारीक भुकटी असते. सांडलेल्या आम्लाने माती आंबट झाली की शिसे सुटून पाण्यात उतरते, म्हणून अशा जागेजवळची विहीर तपासलीच पाहिजे. उकळून शिसे जात नाही, आरओने जाते. जुनी बॅटरी घरी उघडू नये, नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. ती परत घेण्याची व्यवस्था 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत आहे.

जनावरे, कोंबड्या, भाजीपाला?

गुरांना शिशाची चव लागते, फुटक्या बॅटरीच्या पट्ट्या ती चाटत बसतात. डोळ्यांना अचानक दिसेनासे होणे, दात खाणे, गोल फिरणे, झटके येणे अशी लक्षणे दिसली तर पशुवैद्यकाला बॅटरीचे नाव आवर्जून सांगा. अशा गाई-म्हशीचे दूध त्यांनी सांगेपर्यंत वापरू नये. कोंबड्या दिवसभर तीच माती उकरतात आणि शिसे अंड्यात उतरते. माती बदलेपर्यंत त्या कोंडून ठेवा.

भाजीत शिसे मुळातून वर फारसे चढत नाही, धोका पानाला आणि कंदाला चिकटलेल्या मातीचा असतो. म्हणून मेथी, कोथिंबीर, मुळा, रताळे, हळद त्या जागी नको. वांगी, टोमॅटो, शेवग्याच्या शेंगा, द्राक्षे यांना तुलनेने कमी भीती, धुऊन खावीत. परसबाग हवीच असेल तर फूटभर उंच वाफ्यात बाहेरची माती आणि शेणखत घालावे.

सूर्यफूल किंवा मोहरी लावली तर शिसे शोषून घेते म्हणतात.

शिशाच्या बाबतीत हे कामाचे नाही. पिकाने उचललेले शिसे इतके थोडे असते की अंगण साफ व्हायला पिढ्या लागतील.

शेंदूर आणि कल्हई?

पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड असते. देवाला लावल्यावर हात धुवावेत आणि जुने थर कोरडे खरवडू नयेत. कल्हई शुद्ध कथलाची असावी, शिसे मिसळलेल्या कथलाने केलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवू नये.

जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची आहे. सांगावे लागेल का?

सांगावे. एका कागदावर अंगणाचा नकाशा काढा: भट्टी कुठे होती, किती इंच माती काढली, जाळी कुठे अंथरली आहे, तपासणीचे आधीचे आणि नंतरचे आकडे. त्याची एक प्रत घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवा, एक नव्या माणसाच्या हाती द्या, आणि जाळी कुठल्या रंगाची आहे ते त्यावर ठळक लिहा.